दूरचित्रवाणीच्या दरबारातील लावणी

१९९६ साली दूरचित्रवाणीवर ‘बूगी वूगी’ ही नृत्यस्पर्धा सुरू झाली, २००९ साली ‘डान्स इंडिया डान्स’ने तिच्या लोकप्रियतेला गुरु-शिष्य परंपरेचा आभास देणारी चौकट दिली आणि मराठी वाहिन्यांवर ‘एकापेक्षा एक’पासून ‘ढोलकीच्या तालावर’पर्यंत स्पर्धांची रांग लागली, या काळात महाराष्ट्राच्या कलाजीवनात एक मोठे स्थित्यंतर फारशा चर्चेवाचून घडून गेले. ज्या घरांतील मागल्या पिढीने तमाशाच्या थिएटरची पायरी कधी चढली नव्हती, किंबहुना तिथे जाणाऱ्या पुरुषाचा उल्लेखही जिथे दबल्या आवाजात होत असे, त्या घरांच्या बैठकीच्या खोलीत लावणी संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी येऊन उभी राहिली, आणि त्या घरांतल्या मुली ती शिकू लागल्या. हे स्थित्यंतर मी मनापासून स्वागतार्ह मानतो. परंतु जी लावणी अशी घराघरांत येऊन पोहोचली, तिचे अंग-उपांग शाबूत आहे किंवा नाही, हा प्रश्न त्या आनंदाच्या भरात विचारायचा राहून गेला आहे, आणि तो आता तरी विचारला पाहिजे.

प्रथम या स्पर्धांचे न्याय्य श्रेय मान्य करावे. आजच्या स्पर्धकाची शारीरिक तयारी, त्याचा दमसास, गिरकीनंतर तोल सावरण्याची क्षमता आणि समूहाची एकतानता ही तीस वर्षांपूर्वीच्या हौशी रंगमंचावर क्वचितच दिसत असे. मुंबईच्या ‘द किंग्ज’ या चमूने २०१९ साली अमेरिकेतील ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकले, तर ‘व्ही. अनबीटेबल’ने २०२० साली ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स’चे विजेतेपद आणले, उपनगरांतील साध्या वस्त्यांतून आलेल्या तरुणांनी मिळवलेले हे यश दूरचित्रवाणीने निर्माण केलेल्या वातावरणावाचून संभवले नसते. कसरतप्रधान समूहनृत्याला हे माध्यम मानवते, कारण त्याचे सौंदर्य एकाच दृष्टिक्षेपात आणि तीन मिनिटांच्या अवधीत प्रकट होऊ शकते. अडचण उद्भवते ती हाच मापदंड लावणीला लावला जातो तेव्हा.

या स्पर्धांतील लावणीची रचना आता जवळजवळ मुक्रर झाली आहे. प्रारंभी अंधार, मग धूर, मागच्या पडद्यावर वाड्याची महिरप किंवा देवळाचा कळस. पाठमोरी उभी असलेली नर्तिका पहिल्या थापेवर वळते, पदर हातात धरून दोन पावले पुढे येते, मुखडा एकदा होतो, दुसऱ्यांदा होतो, आणि लगेच आठ-दहा सहनर्तक दोन्ही बाजूंनी शिरतात. कडव्याचा पूर्वार्ध जेमतेम संपतो तोच मूळ ध्वनिमुद्रणाला कात्री लागून ढोलकीचा एक स्वतंत्र, दुप्पट लयीचा तुकडा जोडला जातो. त्यावर गिरक्या, गुडघ्यांवरची फेरी, कधी सहनर्तकांच्या खांद्यांवरून घेतलेली झेप, आणि अखेरीस श्वास रोखून धरलेली, कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारी एक मुद्रा. शिवलेल्या नऊवारीमुळे पाय मोकळे होतात, त्यामुळे हे सारे सुकर होते. टाळ्या पडतात, परीक्षक उभे राहतात. श्रम यात निश्चित आहेत, आणि त्या मुलीने महिनाभर घाम गाळला आहे हे दिसते. तथापि या साऱ्या खटाटोपात लावणीच्या शब्दांना काही म्हणायचे होते, कुणाला तरी म्हणायचे होते, याची आठवण नर्तिकेला, नृत्यदिग्दर्शकाला आणि प्रेक्षकाला एकाच वेळी झालेली असते असे फार थोड्या वेळा घडते.

लावणी ही मुळात बोलणारी कला आहे. संगीत बारीच्या, म्हणजे तमाशाच्या गायन-नृत्यप्रधान प्रकाराच्या, बैठकीत गाणारी स्त्री नऊवारीचा घोळ सावरून बसते, पेटी सूर धरते, तबला ठेका देतो, आणि ती एक ओळ म्हणते. समजा ओळीचा आशय इतकाच की सख्याने येण्याचे कबूल केले होते आणि आता पहाट झाली. पहिल्यांदा ती हे तक्रारीच्या सुरात सांगते. दुसऱ्यांदा तीच ओळ येते तेव्हा नजर दाराकडे जाऊन परतते आणि तक्रारीच्या जागी संशय येतो. तिसऱ्यांदा ती त्याच्याकडे पाहण्याचेही नाकारते, कानातला वेल नीट करते आणि शब्द जणू दुसऱ्याच कुणाला उद्देशून उच्चारते. चौथ्यांदा ‘कबूल’ या एका शब्दावर स्वर जरासा लांबवून ती असा काही हुंकार देते की समोर बसलेल्या रसिकाला त्या स्त्रीच्या आयुष्यातील पूर्वीच्या अशा अनेक पहाटा दिसू लागतात. या सर्व वेळात तिने जागा सोडलेली नसते. हलले असतील ते भुवई, मान, मनगट आणि बोटे. मग ती समेवर येते, ढोलकी उसळते, ती उठून चार तोडे नाचते आणि पुन्हा बसते. नृत्याचा भाग अभिनयाच्या पोटातून येतो, म्हणून तो अर्थपूर्ण वाटतो. यमुनाबाई वाईकर यांच्या कलेचा मोठेपणा या विस्तारातच होता. एका ओळीची अशी अनेक रूपे दाखविण्याचे त्यांचे सामर्थ्य ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांनी त्यांना कथक आणि ठुमरीच्या थोर कलावंतांच्या पंक्तीस बसविले, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

स्पर्धेच्या लावणीत ही पुनरावृत्तीच वर्ज्य ठरली आहे, कारण पुनरावृत्ती म्हणजे वेळेचा अपव्यय, असा तेथील अलिखित कायदा आहे. लावणीचे प्रकार पाहिले तर हा कायदा किती घातक आहे ते कळते. विरहाची, संथ लयीची बालेघाटी, अनेक चौकांतून कथाप्रसंग उलगडत नेणारी चौकाची लावणी, सवाल-जवाबाची लावणी, आणि चपळ, खेळकर छक्कड; या विविधतेपैकी दूरचित्रवाणीने उचलली ती बहुतांशी छक्कडच, आणि तीही चित्रपटातून गाळून आलेली. ज्या राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ यांनी पेशवाईच्या उत्तरकाळात या काव्यप्रकाराला वैभव दिले, त्यांची एखादी रचना एका पर्वात एकदा तरी कानी पडावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. परंतु ती बहुधा निष्फळच ठरते.

चित्रपटाला मात्र सरसकट दोष देण्याचे कारण नाही. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) आणि ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटांनी लावणीला नवे श्रोते दिले. ‘पिंजरा’त उषा मंगेशकरांचा आवाज आणि संध्याबाईंचे नृत्य, ‘नटरंग’मध्ये बेला शेंडे यांचा आवाज आणि सोनाली कुलकर्णींचे नृत्य, अशी कामाची वाटणी होती, पण तेथे कॅमेरा, संकलन आणि कथाप्रसंग मिळून ते दुभंगलेपण सांधले जात असे. स्पर्धेच्या मंचावर ती सांधणारी कथा नाही. उरते ते दुसऱ्या कुणाच्या आवाजावर तिसऱ्याच कुणाचे शरीर. ज्या मुलीने ती ओळ स्वतःच्या गळ्यातून एकदाही काढलेली नाही, तिला त्या ओळीतील कोणता शब्द जड आणि कोणता हलका हे कसे कळावे? सुलोचना चव्हाण पदर डोक्यावरून घेऊन, जागच्या जागी उभ्या राहून गात असत आणि केवळ शब्दोच्चाराच्या बळावर साऱ्या सभागृहाला लावणी दाखवीत असत. आज सभागृहाला सारे काही दाखविले जाते आणि शब्द तेवढा ऐकू येत नाही.

दुसरा तोटा वाद्याचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. फडावर किंवा बारीत ढोलकीवाल्याची नजर नाचणारणीच्या पायांवर असते. तिने ठरल्याहून एक तोडा जास्त घेतला तर तो तो सांभाळतो, कधी स्वतःच शाईवर एखादी कडक थाप मारून तिला डिवचतो, आणि ती चाळांनी त्याला उत्तर देते. सारी रंगत या अनिश्चिततेतून निर्माण होते. ध्वनिमुद्रित तुकड्यावर नाचणाऱ्या मुलीला असा प्रतिस्पर्धी नाही आणि साथीदारही नाही. तिला फक्त पाठ केलेले वेळापत्रक गाठायचे असते. तिच्या पायांत चाळ असतात, पण त्यांचा आवाज प्रेक्षकांपर्यंत बहुधा पोहोचतच नाही. ऐकू येतो तो मूळ गाण्यात आधीच भरलेला घुंगरांचा आवाज. नर्तिकेचा ठेका चुकला तरी कानाला ते कळत नाही आणि तिने एखादी नाजूक लय साधली तरी तीही कळत नाही. गुणदोषांची पारख ज्या पुराव्यावर व्हायची, तो पुरावाच अशा रीतीने दप्तरातून गहाळ झालेला आहे.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. भुवईचा अभिनय दाखविण्याचे सामर्थ्य खरे तर थिएटरपेक्षा कॅमेऱ्याकडेच अधिक आहे. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला जे कधीच दिसले नाही ते तो लाखोंना दाखवू शकला असता. पण नेमक्या भावाच्या क्षणी दृश्य परीक्षकाच्या विस्फारलेल्या डोळ्यांवर नाहीतर प्रेक्षागृहातील आईच्या अश्रूंवर जाते. दिग्दर्शकाने एक कडवे तरी न तोडता नर्तिकेच्या चेहऱ्यावर स्थिर राहण्याचे ठरविले तर त्यासाठी एक पैसाही अधिक लागणार नाही.

आता परीक्षणाविषयी. परीक्षकांपैकी अनेकजण स्वतः उत्तम नर्तक आहेत, त्यांची जाण निर्विवाद आहे. म्हणूनच त्यांच्या तोंडी ‘कडक’, ‘जबरदस्त’, ‘एक्स्प्रेशन्स कमाल’ एवढेच शब्द उरावेत याचे दुःख होते. ‘एक्स्प्रेशन्स’ कमाल म्हणजे कोणत्या ओळीवर, कोणता भाव, तो मागल्या भावापासून वेगळा होता किंवा नाही, हे सांगितले जात नाही. ओठ चावणे, डोळा घालणे आणि पदर उडविणे या तीन खुणांना सर्व शृंगाराचे मुखत्यारपत्र देऊन टाकले गेले आहे. शृंगारात रुसवा असतो, उपहास असतो, थकवा असतो, वय उलटून गेल्याची जाणीव असते. बालेघाटीत तर डोळ्यांत पाणी असते. परीक्षकाने एकदा थांबून, स्वतः ती ओळ करून दाखवून, येथे हा अर्थ निसटला असे सांगितले तर स्पर्धकाचे आणि लक्षावधी प्रेक्षकांचे एकाच वेळी शिक्षण होईल. पुरुषांनी लावणी करण्याची जुनी परंपरा आशिष पाटील यांच्यासारख्या कलावंतांनी या माध्यमातून पुन्हा प्रतिष्ठित केली आहे, आणि त्यांच्या उत्तम सादरीकरणांत हात व मान यांचे जे बारीक काम दिसते त्यावरून ही कला तीन मिनिटांतही सर्वस्वी अशक्य नाही हे सिद्ध होते.

सर्वात क्लेशदायक मामला कलावंतांचा आहे. लावणी प्रतिष्ठित झाली, पण ती जिवंत ठेवणाऱ्या स्त्रियांना त्या प्रतिष्ठेतील किती वाटा मिळाला? विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी त्यांचे उत्तरायुष्य आर्थिक विवंचनेत गेले. यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, म्हणजे नव्वदी कधीच उलटून गेल्यावर. चौफुला, मोडनिंब, जामखेड येथील थिएटरांतून आजही लावणीच्या पार्ट्या उभ्या राहतात, त्यांतील अनेकजणी स्वतः गातात, आणि शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या कलावतीने ‘संगीत बारी’च्या प्रयोगांतून शहरी प्रेक्षकांसमोर जी बैठकीची अदा सिद्ध केली तिच्यावरून हा ठेवा संपलेला नाही हे कुणालाही पटावे. अकलूजच्या लावणी स्पर्धेने अशा पार्ट्यांना त्यांच्या गायिका-वादकांसह मंच दिला. वाहिन्यांच्या स्पर्धांत मात्र या स्त्रिया आल्याच तर एखाद्या विशेष भागाच्या पाहुण्या म्हणून येतात. शाल, श्रीफळ आणि दोन मिनिटे एवढी बिदागी घेऊन परत जातात.

यावर उपाय दुःसाध्य नाहीत, म्हणून ते स्पष्ट मांडतो. प्रत्येक पर्वात निदान एक फेरी अशी असावी की जिच्यात ध्वनिमुद्रणास मज्जाव असेल. पेटी, तबला, ढोलकी मंचावर बसावी, स्पर्धकाने निदान मुखडा स्वतः म्हणावा आणि तिला सात-आठ मिनिटे मिळावीत. एक फेरी केवळ बसून करावयाच्या लावणीची असावी. आणि परीक्षकांच्या तीन खुर्च्यांपैकी एक खुर्ची, पाहुणी म्हणून नव्हे तर पूर्ण पर्वासाठी, पूर्ण मानधनावर आणि बाकीच्या दोघांइतक्याच गुणाधिकाराने, बारीत आयुष्य घालविलेल्या एखाद्या कलावतीला द्यावी. तिने स्पर्धक मुलीला मध्येच थांबवून तीच ओळ पुन्हा म्हणायला लावली, तर निर्मात्यांनी तो भाग कापू नये.