गायींचा अभ्यास उत्तम, पण महिन्याची सरासरी जपून वाचा

सावर गॅस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड मिसळलेला नैसर्गिक वायू. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात तो भरपूर निघतो. गळला तर कुजक्या अंड्यांचा वास, फ्लेअरमध्ये जाळला तर सल्फर डायऑक्साइड. नव्वदच्या दशकात तिथले पशुपालक सांगत होते की गायी गाभडतायत, वासरं मरतायत. वाद इतका पेटला की वीबो लुडविग या शेतकऱ्याला २००० साली गॅसविहिरींवरच्या घातपाताबद्दल शिक्षा झाली. या पार्श्वभूमीवर पश्चिम कॅनडात एक प्रचंड अभ्यास झाला: २०५ कळप, ३३,००० हून अधिक गुरं, २००१-०२ मधली मोजमापं आणि २००६ साली अहवाल.

आधी कौतुक करतो, कारण ते खरंच करायला हवं. माणसांवर असा अभ्यास करताना मोठी अडचण वासाचीच असते. हा वायू अगदी काही पीपीबीला, म्हणजे अब्जात काही भागांना, नाकाला कळतो. ज्याला वास येतो त्याला आपण उघडे पडलोय हे माहीत असतं, आणि मग प्रश्नावलीत 'डोकं दुखतं का?' याचं उत्तर कशामुळे 'हो' आलं, हे सुटं करता येत नाही. गाय ना प्रश्नावली भरते, ना नुकसानभरपाई मागते. बहुतेक वेळ उघड्यावरच असते आणि गाभ राहिली की नाही हे तपासता येतं. प्रश्न आणि अभ्यासाचा विषय यांची इतकी नेमकी जोडी क्वचित जमते.

आता दुखणं. हवा मोजली ती कुरणांवर लावलेल्या पॅसिव्ह सॅम्पलरने, आणि आकडा मिळाला महिन्याच्या सरासरीचा. एक हिशोब करून बघा. समजा एका कुरणावर महिनाभर ०.२ पीपीबी होतं आणि एकाच तासात ते ५०० वर गेलं. महिन्याचे तास ७२०. सरासरी येते साधारण ०.९. शेजारच्या कुरणावर महिनाभर शांतपणे ०.९ आहे. अहवालाच्या तक्त्यात दोन्ही कुरणं सारखीच! आल्बर्टाचं स्वतःचं मार्गदर्शक मूल्य तासाला १० पीपीबी आहे, म्हणजे नियामकालासुद्धा तास महत्त्वाचा वाटतो. पशुपालकांच्या तक्रारीही बऱ्याचदा 'त्या रात्री' अशाच सुरू होतात. सरासरीत ती रात्र विरघळून जाते.

म्हणून 'बहुतेक प्रजनन-निकषांशी संबंध आढळला नाही' हा निष्कर्ष वाचताना पुढे मनात जोडा: महिन्याच्या सरासरीशी. तीव्र, अल्पकाळाच्या झोताबद्दल हा अभ्यास जवळजवळ गप्प आहे. तो दोष लपवलेला नाही, पण निष्कर्ष हातोहाती फिरताना तेवढाच भाग गळतो. आणि सल्फर डायऑक्साइड जास्त असलेल्या ठिकाणी वासरांच्या श्वसनसंस्थेत विकृती जास्त दिसल्या, हे वाक्यही गळतं. ते मला जास्त बोचतं.

दुसरा मुद्दा माणसांचा. गायींवरून मानवी समुदायाकडे उडी मारणारे बरेच आहेत, दोन्ही बाजूंचे. १९८२ साली लॉजपोलजवळची विहीर फुटली, ६८ दिवस वायू ओकत राहिली, दोन कामगार गेले. अशा भागात राहणाऱ्याची झोप उडणं हाही समुदायावरचा परिणाम आहे, आणि तो वासराच्या फुप्फुसात शोधून सापडणार नाही. त्याला मुलाखतीच लागतील, आणि त्यांच्यासोबत वासाची ती जुनी अडचण पुन्हा येणारच.

काही जण इथे न्यूझीलंडच्या रोटोरुआचा दाखला देतात. तिथे भूऔष्णिक हायड्रोजन सल्फाइड कायम असतो, १,६३७ लोकांच्या अभ्यासात दम्याशी संबंध दिसला नाही. चांगला अभ्यास आहे. पण तिथला वायू जमिनीतून येतो. फ्लेअरचा धूर, विहीर दुरुस्तीच्या दिवशीचे झोत, सोबतची बेंझिनसारखी द्रव्यं हे मिश्रण तिथे नाही. तेव्हा 'रोटोरुआत काही होत नाही, मग इथे कशाला' हा युक्तिवाद तुमच्या साहित्य-आढाव्यात लिहायचा मोह झाला, तर आधी दोन्हीकडे हवेत नक्की काय होतं आणि ते किती तासांच्या सरासरीत मोजलं, हे दोन रकाने तक्त्यात भरा.