लेसर-निक्षेपित वनस्पतिजन्य पातळ थर आणि त्वचेद्वारे औषधवहन : एक चिकित्सा

प्रस्तावना

वनस्पतिजन्य द्रव्यांचे पातळ थर लेसरच्या साहाय्याने तयार करून त्यांद्वारे त्वचेतून औषध द्यावे, ही कल्पना आकर्षक आहे. प्रस्तुत लेखात तिची मात्रेच्या कसोटीवर चिकित्सा केली आहे.

पद्धती

उच्च ऊर्जेचा लेसर-स्पंद सेंद्रिय द्रव्यावर थेट पडल्यास रेणूंचे बंध तुटण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदल संशोधन प्रयोगशाळेत विकसित झालेल्या पद्धतीत द्रव्याचे विरल द्रावण गोठवतात. लेसरची ऊर्जा मुख्यतः द्रावक शोषतो व द्रव्य बऱ्याच अंशी अखंड राहून पृष्ठावर बसते. रेणूची रचना टिकणे आवश्यक आहे. परंतु तेवढे पुरेसे नाही.

मात्रेचा प्रश्न

१० चौरस सेंटिमीटर क्षेत्राच्या आणि १ मायक्रोमीटर जाडीच्या थराचे वजन, घनता १ मानल्यास, केवळ १ मिलिग्रॅम भरते. धोतऱ्यात आढळणाऱ्या स्कोपोलामाइनची पट्टी अमेरिकेत १९७९ मध्ये मान्य झाली. ती ३ दिवसांत सुमारे १ मिलिग्रॅम औषध देते. संपूर्ण थर औषधाचाच असेल, तरच ही गरज जेमतेम भागेल. उलट, रक्तदाबावरील डिल्टियाझेमची तोंडावाटे दैनिक मात्रा १२० मिलिग्रॅम धरली आणि तीपैकी सुमारे ४० टक्केच रक्तात पोहोचते असे मानले, तरी ४८ मिलिग्रॅम लागतात. त्यासाठी असा थर ४८० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढा हवा. दोन्ही रेणूंचे वस्तुमान ५०० डाल्टनच्या प्रचलित मर्यादेच्या आत आहे. तेव्हा येथे अडचण रेणूच्या आकाराची नसून थराच्या धारणक्षमतेची आहे.

नागपूरचे उदाहरण

नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातील प्रा. डोर्ले व सहकाऱ्यांनी पाइन वृक्षापासून मिळणाऱ्या राळेवर दीर्घकाळ काम केले. बहुवारिक रूपातील राळेच्या थरातून डिल्टियाझेम त्वचेद्वारे देण्याविषयीचा त्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. द्रावण ओतून वाळवलेला थर पुरेसा जाड करता येतो, ही त्या साध्या पद्धतीची जमेची बाजू होय. शिवाय राळ वनस्पतिजन्य आहे म्हणून ती निर्धोक, असे त्यांनी गृहीत धरले नाही. तिची जैवसुसंगतता प्राण्यांवर तपासलेला त्यांचा निबंध २००३ चा आहे. धोतराही वनस्पतीच आहे, हे येथे विसरता येत नाही.

समारोप

लेसर-निक्षेपण त्याज्य नाही. अल्प मात्रेत प्रभावी ठरणाऱ्या औषधांसाठी, तसेच औषध सुटण्याचा वेग नियंत्रित करणाऱ्या आवरणासाठी ते उपयुक्त ठरू शकेल. मात्र प्रत्येक दाव्यासोबत थराचे वजन, त्यातील औषधाचे प्रमाण आणि त्वचेतून प्रत्यक्ष पार होणारी मात्रा दिली गेली पाहिजे. कन्हानसारख्या गावातील महाविद्यालयाला लेसर परवडणार नाही. परंतु विसरण-पात्र, तराजू आणि वरील गणित त्याच्या आवाक्यात आहे. विद्यार्थ्यांच्या संशोधन-प्रकल्पांचा आरंभ तेथून व्हावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.