पऱ्यांची केशरचना

शेरलॉक होम्ससारखा चिकित्सक निर्माण करणाऱ्या कॉनन डॉइल यांचे ‘द कमिंग ऑफ द फेअरीज’ (१९२२) वाचताना मला हसू येते. मग भीती वाटते. यॉर्कशायरमधील कॉटिंगलीच्या दोन मावसबहिणींनी १९१७ साली पऱ्यांची छायाचित्रे काढली. डॉइलांनी ती १९२० च्या नाताळात ‘स्ट्रँड’ मासिकात खरी म्हणून छापविली. पऱ्यांचे केस पॅरिसच्या चालू तऱ्हेचे कसे, असे लोक विचारू लागले. डॉइलांनी माघार तर घेतली नाहीच, उलट हे अख्खे पुस्तक लिहिले! १९८३ मध्ये त्या बहिणींनी, म्हातारपणी, कबुली दिली. पऱ्या कागदाच्या होत्या, टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केलेल्या. पहिल्या चित्रातल्या पऱ्या ज्या भेटपुस्तकातून उतरविल्या, त्यात (काय योग पाहा!) खुद्द डॉइलांचीच एक कथा होती.

वाचक हसले, पण त्यांनी होम्सला टाकले नाही. त्याच्या कथा ‘स्ट्रँड’मध्ये १९२७ पर्यंत येत राहिल्या.

मला ते भाग्य नाही. माझ्या एका कादंबरीत पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री उगवतो. दहावीतल्या एका मुलाने ते दाखविले, तेव्हा ‘ही कविकल्पना आहे’ म्हणून मी त्याला खाली बसविले. कोणी हसले नाही. त्या वर्गाने नंतर वर्षभर मला एकही शंका विचारली नाही.