नोंद आणि घटना : एका निबंधाचे परीक्षण

पोलिसी नोंदींवरून भावी गुन्ह्यांची स्थळे वर्तविणाऱ्या गणितपद्धतीची चिकित्सा हा क्रिस्टियन लम व विल्यम आयझॅक यांच्या २०१६ मधील निबंधाचा विषय आहे. भूकंपोत्तर धक्क्यांच्या अभ्यासातून घेतलेली ‘प्रेडपोल’ ही पद्धती लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी पुढे २०२० मध्ये सोडून दिली. लेखकद्वयाने तिला कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या अमली पदार्थविषयक नोंदी पुरविल्या. राष्ट्रीय पाहणीवर आधारलेल्या अंदाजानुसार अशा पदार्थांचे सेवन शहरभर पसरलेले होते. नोंदी मात्र मुख्यत्वे कृष्णवर्णीय व अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांत एकवटल्या होत्या. गणितानेही पहाऱ्यासाठी त्याच वस्त्या दाखविल्या. पहारा वाढला की नोंदी वाढतात आणि वाढलेल्या नोंदी नव्या पहाऱ्याचे समर्थन करतात, हे निबंधाचे मुख्य प्रतिपादन होय. ते साधार आहे.

तथापि त्याची व्याप्ती मर्यादित मानली पाहिजे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात बहुधा फिर्यादी नसतो. त्यामुळे नोंद पोलिसांच्या उपस्थितीवर अवलंबून राहते. घरफोडीची वर्दी घरमालकच देतो. तेथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

बोलीच्या अभ्यासकास हा दोष परिचित आहे. ज्या गावी तो अधिक दिवस राहतो, त्या गावाची शब्दसूची लांबते. म्हणून तेथील बोली अधिक समृद्ध ठरत नाही. ‘नोंदलेला गुन्हा’ यातील विशेषण गळाले की प्रमादास आरंभ होतो, आणि त्याचे मोल त्या वस्तीतील माणसाला द्यावे लागते.