'सामना'तला वाटसरू

विजय तेंडुलकरांच्या पटकथांकडे त्यांच्या नाटकांचा जोडधंदा म्हणून पाहिले जाते. हा अन्याय होय. 'निशांत', 'मंथन', 'सिंहासन', 'अर्धसत्य' एवढी कमाई एखाद्या लेखकास जन्मभर पुरली असती. आम्हांस मात्र पुन्हापुन्हा १९७५ च्या 'सामना'कडेच वळावेसे वाटते.

जब्बार पटेलांच्या या चित्रपटात वाट फारशी दिसत नाही. दिसतो तो वाटसरू. श्रीराम लागूंचा मास्तर दारूत बुडालेला, ठावठिकाणा नसलेला. साखरसम्राट हिंदुराव (निळू फुले) त्याला आश्रय देतो, आणि हा त्यालाच विचारीत राहतो की, मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले. आम्ही वकील तोच प्रश्न पुन्हा विचारू लागलो की समोरून हरकत येते. या गावात न्यायासन नाही, म्हणून हरकतही नोंदली जात नाही, आणि प्रश्न दर खेपेस जड होत जातो. याला आम्ही धैर्य म्हणणार नाही. जपण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून मास्तराला ते परवडते. आमच्या भालकीकडे ज्याला त्याला शेत, सोयरीक आणि ऊसतोडीची पाळी जपायची असते!

एक उणीव सांगितलीच पाहिजे. मास्तराच्या व्यथेपुढे खुद्द मारुती कांबळे फिका पडतो. 'आक्रोश'मध्ये (१९८०) तेंडुलकरांनी जणू ही बाकी फेडली. तेथे वकील विचारीत राहतो आणि आरोपी लहान्या भिकू ओठ उघडीत नाही. अशिलाने असे मौन धरले की वकिलाची काय अवस्था होते, ते आम्ही जाणतो. पडद्यावर ती इतकी खरी आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही.