हिरवा स्लाइम आणि उंदरा-मांजराची चाल

व्यंगचित्राविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. मूळ वस्तूला थोडी गंमत चिकटवली की व्यंगचित्र तयार झाले, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक चांगला व्यंगचित्रकार चिकटवण्यापेक्षा वगळतो अधिक. शंभर रेषांतल्या नव्वद तो गाळतो आणि उरलेल्या दहांवर आपली नजर खिळवतो. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे शि. द. फडणीस यांचे ‘मोहिनी’चे ते जुने मुखपृष्ठ आठवावे. तरुणाच्या शर्टावर मांजरे, तरुणीच्या साडीवर उंदीर. शब्द एकही नाही, पण सारे सांगून झाले!

ही कसोटी मी एका दूरदेशीच्या कार्टूनला लावून पाहणार आहे. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी लास व्हेगासला अमेरिकन फुटबॉलचा अजिंक्यपदाचा सामना, म्हणजे ‘सुपर बोल’, झाला. कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स. नेहमीच्या प्रक्षेपणाबरोबरच निकलोडिअन या मुलांच्या वाहिनीने तोच सामना कार्टूनचा साज चढवून दाखवला. ‘सुपर बोल’च्या बाबतीत असे प्रथमच घडत होते. माझ्या भाचीचा नऊ वर्षांचा मुलगा गेल्या सुट्टीत तिकडून आला होता. त्याच्याबरोबर बसून मी त्या प्रक्षेपणातले बरेच भाग पाहिले.

समुद्रतळाचा देखावा, समालोचकांच्या शेजारी स्पंजबॉब आणि त्याचा मित्र पॅट्रिक, मैदानाच्या कडेला बातमीदार म्हणून सँडी नावाची खार. संघाने गुण मिळवला की पडद्यावर हिरव्या, चिकट स्लाइमचा लोंढा. पात्रांचे नेहमीचे आवाज देणारे टॉम केनी आणि बिल फॅगरबाके हेच कलावंत सामना चालू असताना बोलत होते. ही कसरत सोपी नव्हे, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. डोरा ही चिमुरडी मुलांना नियम आणि चुका समजावून सांगते, ती योजनाही मला शिक्षक म्हणून आवडली. हा खेळ नियमांनी गजबजलेला आहे. सामना १९-१९ असा बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला, तेव्हा त्या वेळेचा नवा नियम आपल्याला ठाऊक नव्हता, असे फोर्टीनाइनर्सच्या काही खेळाडूंनीच नंतर सांगितले. तेव्हा समजावणाऱ्याची गरज मुलांनाच होती असे नाही!

पण चित्रांचे काय? जादा वेळेत फोर्टीनाइनर्सनी तीन गुण घेतले. मग चीफ्सची पाळी आली. अवघी तीन यार्ड जमीन उरलेली. पॅट्रिक माहोम्सने चेंडू मीकोल हार्डमनकडे टाकला आणि सामना २५-२२ असा संपला. एवढ्या मोक्याच्या क्षणी हार्डमन पूर्ण मोकळा, त्याच्या आसपास विरोधी संघाचा कोणीही नाही. “हा एकटा कसा सापडला रे?” मी विचारले. मुलगा म्हणाला, “मामाआजोबा, ते नाही माहीत, पण स्लाइम मस्त होता!”

हे उत्तर त्या मुलाचे अपयश नव्हे, चित्रकारांचे आहे. हार्डमन आतल्या बाजूला धावल्याचे भासवतो आणि एकदम उलट फिरून बाहेर निसटतो. पाठलाग करणारा आतच राहतो. गंमत अशी की चीफ्सच्या भाषेत या चालीचे नावच ‘टॉम अँड जेरी’ होते. म्हणजे खरे कार्टून खेळातच दडले होते, आणि कार्टूनवाल्यांनी वरून स्लाइम ओतला.

हे साधता येत नाही असे नाही. १९४४ साली डिस्नेने ‘हाऊ टु प्ले फुटबॉल’ हा छोटा चित्रपट काढला. दिग्दर्शक जॅक किनी. त्यात दोन्ही संघांत सगळीकडे गूफीच गूफी. निवेदक गंभीरपणे खेळ समजावतो आणि चित्र त्याची फजिती करते. तिथे विनोद खेळाच्या पोटातून येतो. याउलट १ ऑक्टोबर २०२३ रोजी वेम्बलीच्या मैदानावरचा एक सामना ‘टॉय स्टोरी’च्या रूपात दाखवला गेला. खेळाडूंच्या अंगावरील यंत्रांनी कळवलेल्या हालचालींवरून खेळण्यांचे पुतळे धावत होते. तंत्र थक्क करणारे. पण यंत्राला खेळाडू कुठे आहे ते कळते, त्याच्या मनातला डाव कळत नाही. काय महत्त्वाचे ते ठरवायला माणूस लागतो.

मुलांसाठी म्हणून काही करताना आपणही हीच चूक करतो. पाठ्यपुस्तकात रंग वाढवतो, फुले-फुगे काढतो आणि मूळ मुद्दा अलगद वगळतो. मूल कंटाळेल या भीतीपोटी आपण त्याला विचार करण्याची संधीच नाकारतो.

मी आवाज बंद करून ती शेवटची चाल मुलाला तीनदा दाखवली आणि कागद पुढे केला. त्याने दोन ठिपके काढले. एकापासून निघालेली रेघ आत गेली आणि वळून बाहेर आली. दुसऱ्याची आतच थांबली. “अरे, याला फसवलं!” तो ओरडला.

दोन ठिपके आणि दोन रेघा. निकलोडिअनच्या सबंध प्रक्षेपणापेक्षा मला ते चित्र अधिक मोलाचे वाटले.