अजिंठ्याचे सव्विसावे लेणे : मृत्यू, स्मृती आणि मांडणशिल्पाचा प्रश्न

अजिंठ्यावरील मराठी लेखनाचा मोठा भाग चित्रांभोवती फिरतो. पद्मपाणी आणि जातककथा यांचे विवेचन झाल्यावर सव्विसाव्या लेण्याच्या वाट्याला बहुधा एखादा परिच्छेद येतो आणि त्यातही महापरिनिर्वाणमूर्तीची सुमारे सात मीटर लांबी हीच मुख्य बाब ठरते. आकारमानाच्या या कौतुकात रचनेचा विचार मागे पडतो. प्रस्तुत लेखात या लेण्याकडे प्रेक्षकाला आत घेऊन चालविणारी रचना, म्हणजेच आजच्या परिभाषेत मांडणशिल्प, म्हणून पाहिले आहे. पाचव्या शतकातील उपासनास्थळाला विसाव्या शतकातील संज्ञा लावण्यात कालविपर्यासाचा दोष आहेच. तथापि या संज्ञेमुळे एरवी नजरेतून सुटणाऱ्या काही गोष्टी दिसू लागतात.

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवरील या चैत्यगृहात प्रवेश करताच समोर स्तूप आणि त्यावर पाय खाली सोडून बसलेला बुद्ध दिसतो. निर्वाणमूर्ती समोर नाही. ती डाव्या मार्गिकेच्या भिंतीवर, स्तंभांच्या रांगेमागे आहे. मध्यभागातून पाहावे तर स्तंभ तिचे तुकडे करतात. मार्गिकेत शिरावे तर ती इतकी जवळ येते की एका दृष्टिक्षेपात मावत नाही. छायाचित्रात अखंड दिसणारी ही मूर्ती प्रत्यक्षात मस्तकापासून पायांपर्यंत चालत, मनात जोडून घ्यावी लागते. पाहण्याची ही क्रिया स्मरणाच्या क्रियेसारखीच आहे. शय्येच्या खालच्या बाजूस शोकाकुल अनुयायांची रांग आहे, वर आकाशस्थ देवगण. मार्गिकेत उभा असलेला माणूस साहजिकच शोक करणाऱ्यांच्या बाजूला येतो. देवांची दृष्टी त्याला लाभत नाही.

प्रदक्षिणेचा क्रमही लक्षणीय आहे. स्तूप उजव्या हाताला ठेवून निघालेल्या उपासकाला प्रथम महापरिनिर्वाण आणि त्यानंतर त्याच भिंतीवर मारविजय भेटतो. चरित्रक्रमाने मारविजय आधीचा, बोधिप्राप्तीच्या क्षणाचा. येथे मृत्यू आधी येतो. हा क्रम हेतुपूर्वक योजला होता असे ठामपणे म्हणता येणार नाही. चालणाऱ्याच्या अनुभवात मात्र तो निश्चित घडतो.

या अनुभवाला छेद देणारा मजकूर लेण्याच्या दर्शनी भिंतीवरच कोरलेला आहे. भिक्षू बुद्धभद्र याच्या संस्कृत शिलालेखात हे लेणे त्याने आपल्या मातापित्यांच्या आणि अश्मक राजाचा अमात्य भव्विराज याच्या प्रीत्यर्थ अर्पण केल्याचे म्हटले आहे. भव्विराजाशी आपले सख्य अनेक जन्मांचे असल्याचेही तो सांगतो. माणसाची स्मृती जगात असेपर्यंत तो स्वर्गसुख भोगतो, म्हणून डोंगरात चंद्रसूर्य असेतो टिकणारे स्मारक उभारावे, असा या लेखाचा आशय आहे. आत अनित्यतेची शिकवण, बाहेर चिरस्मरणाची आकांक्षा! अभ्यासकांनी हा विरोध दानलेखांचा संकेत म्हणून सोडून देऊ नये. ज्याने मित्र गमावला आहे त्याला अनित्यता कळते, पण पुरत नाही. या लेण्याचे सामर्थ्य या न पुरण्यात आहे.

येथे विवान सुंदरम यांच्या १९९३ मधील ‘मेमोरियल’ या मांडणशिल्पाशी तुलना उद्बोधक ठरते. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या एका अनाम माणसाचे होशी जाल यांनी टिपलेले वृत्तपत्रीय छायाचित्र हा त्या कृतीचा गाभा. तेथेही आडवा देह आहे, प्रेक्षकाने चालत जाण्याची वाट आहे, पत्र्याच्या ट्रंकांची कमान आहे. परंतु बुद्धभद्राला नाव टिकवायचे होते. सुंदरम यांच्यापुढे स्मरणासाठी नावच उपलब्ध नव्हते. स्मारक नावाशिवाय उभे राहू शकते काय, हा प्रश्न ‘मेमोरियल’ विचारते आणि तो घेऊन अजिंठ्याला परतल्यास शिलालेखातील मौन जाणवू लागते. त्यात बुद्धभद्र आहे, भव्विराज आहे, त्याचा पुत्र देवराज आहे, कामावर देखरेख करणारे धर्मदत्त आणि भद्रबंधू हे शिष्यही आहेत. छिन्नी चालविणारा एकही हात नावाने आलेला नाही.

संपूर्ण लेण्याला एकाच कल्पकाची कृती मानण्यातही अडचण आहे. मार्गिकांच्या भिंतींवर निरनिराळ्या दात्यांनी कोरवून घेतलेल्या लहानमोठ्या बुद्धप्रतिमांची दाटी आहे. मूळ रचनेचा तोल त्यांनी काही ठिकाणी उघडच बिघडविला आहे. सौंदर्यदृष्ट्या हा दोष मानावा लागेल. मात्र बुद्धभद्राने दारावर जे लिहिले, तेच या दात्यांनीही आपापल्या ऐपतीनुसार भिंतीच्या उरलेल्या जागेत केले आहे.